रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना घोड्यांसोबत काम कसं करावं : नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची मायट्रल झडप बदलली. लहानपणी सांधेज्वर झाला होता, त्यात ती खराब झाली आणि चाळिशीत पोचेपर्यंत जिना चढणंही जड जायला लागलं. आता तिथे यांत्रिक झडप आहे. रात्री घरात सगळं निजानीज झालं की तिची टिकटिक मला ऐकू येते. झडपेबरोबर रोजची एक छोटी गोळी आली, ती जन्मभराची.

त्याआधी दहा वर्षं मी ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका लहानशा तबेल्यात काम करत होते. मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं, खरारा, चंदी (घोड्याचं खाणं), औषधपाणी. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी परत गेले, तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. डॉक्टरांना माझे घोडे माहीत नव्हते आणि तबेल्यात कुणाला माझी गोळी माहीत नव्हती. दोन्हीकडे मीच गप्प बसले होते. तुम्ही तसं करू नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. गोळीचा डोस, ती बंद करणं, पुढे ढकलणं यातलं काहीही हा लेख वाचून ठरवायचं नाही. ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. आपली गोळी कोणती, कशासाठी आणि किती दिवस, हे नक्की करा

‘रक्त पातळ’ म्हणजे रक्त पाण्यासारखं होत नाही. गुठळी धरायला जास्त वेळ लागतो, एवढंच. म्हणजे गोळीमुळे तुम्ही घोड्यावरून जास्त वेळा पडणार नाही, घोडाही जास्त लाथा मारणार नाही. पण एरवी जो मार निळा डाग पडून चार दिवसांत विसरला गेला असता, तोच आतल्या आत वाहत राहू शकतो.

पहिला गट एसिनोकूमारॉल आणि वॉरफरिनचा. आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी ‘एसिट्रोम’ असतं, ते एसिनोकूमारॉलचंच दुकानातलं नाव. यांच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतोय हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, तपासावा लागतो. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा पायात गुठळी झाली असेल तर साधारण २ ते ३ ठेवतात, आणि माझ्यासारखी मायट्रल जागेवर यांत्रिक झडप असेल तर २.५ ते ३.५. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. एसिनोकूमारॉल आणि वॉरफरिन यांचं काम एकच असलं तरी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी अदलाबदल होत नाही. दुकानदार ‘तेच आहे ताई’ म्हणून दुसरं पाकीट देऊ लागला तर घेऊ नका.

दुसरा गट नव्या गोळ्यांचा : अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान. यांना दर महिन्याची तपासणी लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. घोड्यांत काम करणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवायचं. या गोळ्या चालू असताना आयएनआर नॉर्मल आला, तरी रक्त नेहमीसारखं गोठतंय असा त्याचा अर्थ नाही. अपघात विभागात तुम्ही किंवा तुमच्या खिशातल्या कार्डानं सांगितलं नाही, तर कुणाला कळणार नाही. यांत्रिक झडपवाल्यांना या नव्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे ‘मला ती सोपी गोळी द्या’ असा हट्ट धरू नका.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल वेगळ्या तऱ्हेनं काम करतात, पण रक्तस्राव त्यांनीही वाढतो. दोन्ही प्रकार एकदम चालू असतील तर धोका आणखी मोठा.

‘किती दिवस’ हा प्रश्नही मनापासून विचारा. पायातल्या गुठळीसाठी कधी कधी तीन किंवा सहा महिन्यांचाच कोर्स असतो. तसं असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे : तेवढे महिने तबेल्यापासून लांब राहा. घोडे कुठे जात नाहीत. पुढचं सगळं मुख्यतः आमच्यासाठी आहे, ज्यांची गोळी कधीच बंद होणार नाही.

२. डॉक्टरांसमोर ‘घोडा’ हा शब्द उच्चारा

मी डॉक्टरांना सांगितलं होतं, ‘हलकं काम करते, प्राण्यांचं.’ त्यांनी बहुधा मांजरी-कुत्री समजून मान डोलावली. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. नीट सांगायचं असेल तर असं सांगा : चारशे-पाचशे किलोचं जनावर, दिवसाचे इतके तास त्याच्या अंगाला लागून काम, खूर उचलणं, लगाम घालणं, आणि चढत असाल तर डोकं जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर.

जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या :

- मी घोड्यावर बसू शकते का? नसेल तर जमिनीवरची कोणती कामं चालतील?
- आयएनआर कितीच्या वर गेला तर त्या दिवशी तबेल्यात जायचं नाही?
- डोक्याला मार लागला तर थेट कुठे जायचं?
- दुखण्यावर कोणती गोळी चालेल, किती?
- धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती, पुढची कधी?

शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. बूस्टर साधारण दहा वर्षांनी घेतात, आणि जखम घाण असेल तर शेवटच्या डोसला पाच वर्षं झाली असली तरी घ्यावा लागतो. रक्त पातळ असताना स्नायूत सुई टोचली की तिथे रक्त साचू शकतं. म्हणून आयएनआर बरा असताना, बारीक सुईनं दंडात घ्यायची आणि नंतर काही मिनिटं चोळता न बसता घट्ट दाबून धरायचं. सुई टोचण्याआधी नर्सला गोळीबद्दल सांगा. जखम झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आधीच उरकून घेतलेलं बरं.

इथला सर्वांत मोठा सापळा : ‘घोड्यावर बसायच्या दिवशी गोळी चुकवते, म्हणजे सुरक्षित.’ हे मी दोन-तीन जणांकडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आलाय. एसिट्रोम किंवा वॉरफरिन एक दिवस चुकवून रक्त लगेच पूर्ववत होत नाही, ते काही दिवस घेतं. म्हणजे त्या दिवशी रक्तस्रावापासून संरक्षण शून्य, आणि वर झडपेवर गुठळी धरायचा किंवा पक्षाघाताचा धोका. नव्या गोळ्यांचा असर लवकर उतरतो, पण तितक्याच लवकर गुठळीचा धोका परत येतो. चुकून राहिलीच तर आठवल्यावर काय करायचं तेही आधीच विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, हे नक्की.

३. चढायचं की जमिनीवर राहायचं

मी आता चढत नाही. हा निर्णय घ्यायला मला वर्ष लागलं आणि तेवढ्या काळात मी बरंच रडले. माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हाडं मोडली तर जोडता येतील, डोक्यात रक्त साचलं तर हाती फार वेळ नसेल. तुमचं वय, आजार, गोळी, अनुभव वेगळे असतील आणि तुमचे डॉक्टर कदाचित शांत घोड्यावर, बंदिस्त रिंगणात, चालीवर बसायला परवानगी देतील. तशी मिळाली तर ती तेवढीच पाळा. ‘आज जरा दुडकी’ आणि ‘एकच उडी’ याला ती परवानगी लागू नाही.

पण एक गैरसमज काढून टाका. चढणं सोडलं म्हणजे धोका संपला, असं नाही. तबेल्यात मी पाहिलेले निम्म्याहून जास्त मार जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांना लागलेत. पायावर खूर पडणं, दारात चेपणं, चावा, डोक्याचा झटका. माझंही तसंच झालं, ते पुढे सांगते.

वरातीच्या घोडीचं काम मात्र घेऊ नका. लग्नसराईत चार पैसे जास्त मिळतात हे खरं. पण डीजे, फटाके, डोळ्यांवर लाइट आणि चारी बाजूंनी नाचणारी माणसं असताना सगळ्यात गरीब घोडीही बिथरते. ती बिथरली की लगाम धरणारा मधोमध सापडतो.

४. तबेल्यात सगळ्यांना सांगा आणि कार्ड करा

नोकरी जाईल, ‘आजारी बाई’ म्हणतील, म्हणून मी लपवलं होतं. सांगितल्यावर काय झालं? आमचे सईस मामा, ज्यांची हयात घोड्यांत गेली, ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘ताई, आजपासून सुलतानचे मागचे खूर तुम्ही उचलायचे नाहीत. ते माझ्याकडे.’ बस, एवढंच. चार वर्षं झाली, तो नियम त्यांनी एकदाही मोडू दिलेला नाही.

मालकांना, सईसांना, नालबंदांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना सांगा. त्यांना तीन वाक्यं पाठ करून द्या : ‘यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डोक्याला लागलं तर ठीक दिसल्या तरी दवाखान्यात न्यायचंच. एकटं सोडायचं नाही.’

कार्ड मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हीत करा. आपल्या तबेल्यांत सईस बऱ्याचदा राजस्थान-उत्तर प्रदेशातले असतात आणि अपघात विभागातले डॉक्टर इंग्रजी नाव शोधतात. त्यावर एवढं हवं : नाव, वय, रक्तगट, गोळीचं नाव आणि डोस, कशासाठी, आयएनआरचं लक्ष्य, कोणत्या औषधांची अ‍ॅलर्जी, घरच्या दोघांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर. एक प्रत खिशात, एक हेल्मेटमध्ये, एक खोगिरांच्या खोलीत भिंतीवर. मोबाइलमध्ये लॉक न उघडता दिसणारी वैद्यकीय माहिती भरायची सोय असते, तीही भरा.

आणि रस्ता ठरवा. हे फार महत्त्वाचं आहे. गायमुख घाटात एक ट्रेलर बंद पडला की घोडबंदर रोड दोन्ही बाजूंनी तुंबतो, ठाण्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. नवी मुंबईकरांना ठाणे-बेलापूर रोडची आणि सायन-पनवेल हायवेची संध्याकाळ माहीत आहे. म्हणून एकाच रुग्णालयावर भरवसा ठेवू नका. तबेल्याच्या दोन्ही दिशांना एकेक ठिकाण निवडा आणि शांत दिवशी स्वतः जाऊन तीनच प्रश्न विचारा : सीटी स्कॅन रात्रीही चालू असतो का? मेंदूची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बोलावल्यावर येतात का? गोळीचा असर उतरवायची औषधं आणि प्लाझ्मा मिळतो का? ‘नाही’ म्हणाले तर जवळ असूनही ते ठिकाण यादीतून काढा. १०८ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, आणि शेजारी तबेल्याचा पत्ता खुणेसकट लिहा. आतल्या कच्च्या रस्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्स चुकते. फाट्यावर कोण जाऊन उभं राहणार, तेही ठरवून ठेवा.

५. अंगावर काय हवं

हेल्मेट फक्त चढताना घालायचं नाही. घोड्याला हात लावायचा तर हेल्मेट डोक्यावर. बाइकचं किंवा क्रिकेटचं नको, घोडेस्वारीचंच घ्या. आत ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. एकदा जोरात आपटलं की वरून तडा दिसो न दिसो, बदलायचं. दुसऱ्याचं जुनं हेल्मेट मी कधी घेत नाही, कारण ते किती वेळा पडलंय हे कळायला मार्ग नाही.

पायात पुढे टणक टोपी असलेले बूट. पावसाळी सँडल, स्लीपर, कॅनव्हासचे बूट अजिबात नकोत. पायावर खूर पडला तर बाकीच्यांचं नख काळं होतं, आपलं अख्खं पाऊल फुगतं. हातमोजे नेहमी, कारण दोर ओढला गेला की तळहाताची साल निघते आणि ती जखम तासभर पाझरत राहते. चढायची परवानगी असेल तर छातीला बॉडी प्रोटेक्टर. फासळ्यांना लागणारा मार तो कमी करतो, डोकं आणि मान त्यानं वाचत नाही.

अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र तबेल्यात येण्याआधी काढा. मी घरीच ठेवून येते.

६. रोजची कामं, रक्त पातळ असलेल्या माणसाच्या पद्धतीनं

घोड्याला जवळपास चौफेर दिसतं, पण शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या थेट पुढे त्याला आंधळा पट्टा असतो. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ हे आपण ऐकलेलंच आहे. मागून जायचंच असेल तर एक तर दहा फूट लांबून, नाहीतर त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणाच्या वरच्या भागावर, हात ठेवून, अंगाला लागून, बोलत बोलत. अर्धवट अंतर सगळ्यात वाईट, कारण तिथे लाथ पूर्ण जोरानं बसते.

जवळ जाताना खांद्याच्या बाजूनं जा आणि आवाज देऊन जा. कान मागे चिकटलेले, शेपटी फटकारली जातेय, मागचा पाय हलका टेकवलाय अशी खूण दिसली की त्या दिवशी ते काम दुसऱ्याला द्या.

मोहरकी (घोडा धरायला-बांधायला तोंडावर घालतात तो पट्टा) आणि लगाम घालताना. घोड्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला, त्याच्या कानामागे राहायचं. हे मला दहा वर्षं माहीत होतं. मार्च महिना होता, माश्यांचा त्रास सुरू झाला होता. मी सुलतानच्या कपाळावरचा पट्टा सरळ करत अगदी समोर झुकले. त्याच्या नाकावर माशी बसली, त्यानं मान वर झटकली. त्याच्या कपाळाचं हाड माझ्या उजव्या भुवईच्या वर लागलं. फार जोरात नाही. मी ‘आई गं’ म्हणाले, पाणी लावलं, उरलेल्या दोन मुलांचा तास घेतला आणि रिक्षानं घरी गेले. कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी टेंगूळ लिंबाएवढं होतं, रात्री पापणी मिटत आली, सकाळी उजवा डोळा उघडेना आणि जांभळा रंग गालावरून जबड्यापर्यंत उतरला होता. बहिणीनं पाहिलं आणि मला ओढतच नेलं. सीटी स्वच्छ आला. डॉक्टर रागावले ते मार लागला म्हणून नाही, सोळा तास मी घरी बसले म्हणून. ते तास मी चुकीच्या बाजूला घालवले होते, केवळ नशिबानं निभावलं. त्याच आठवड्यात मी तबेल्यात सगळ्यांना गोळीचं सांगितलं.

दोर. मोहरकीचा दोर हाताला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही, घडी करून मुठीत धरायचा. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ, आणि ती लोखंडी कडीला नाही तर कडीत अडकवलेल्या सुतळीच्या फासाला. घोड्यानं ओढलं तर सुतळी तुटेल, तुमच्या अंगावर काही येणार नाही.

खूर. मागचे खूर शक्यतो दुसऱ्याला द्या. पुढचे करायचे तर गुडघे टेकून किंवा मांडी घालून कधीच बसू नका. वाकून किंवा उकिडवं, म्हणजे मागे सरकता येईल. खूर साफ करायची आकडी स्वतःपासून लांबच्या दिशेनं चालवा. नालबंद काम करत असताना घोडा धरायचा असेल तर तो ज्या बाजूला आहे त्याच बाजूला उभं राहा, म्हणजे गरज पडली तर घोड्याचं तोंड तुमच्याकडे वळवून त्याचं मागचं अंग दोघांपासूनही लांब नेता येतं.

दार आणि अरुंद जागा. घोडा आत असताना त्याच्या आणि भिंतीच्या मधे जाऊ नका. बाहेर काढताना दार पूर्ण उघडा. चंदीच्या वेळी सगळे अधीर असतात, तेव्हा टोपली बाहेरून ठेवता येईल अशी सोय करून घ्या. आमच्याकडे साधी लाकडी फळी लावली, सुतारानं तासाभरात बसवून दिली.

पावसाळ्यात चार महिने फरशीवर शेवाळ धरतं. तेव्हा मी घोडा चालवायचं कामच घेत नाही, खोगीर-लगामाची डागडुजी आणि हिशेब बघते. दिवाळीच्या चार रात्री तबेल्यात थांबत नाही. हे आधी मालकांशी बोलून ठरवलं की कुणाला अडचण होत नाही.

आणि एकटीनं कधीच नाही. पहाटे पाचला मामा यायच्या आधी मी कुठल्याही घोड्याजवळ जात नाही.

७. तबेल्यातल्या कपाटापासून सावध

याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

दुखणाऱ्या पाठीला लावायचा बाम आणि घोड्याच्या पायाला चोळायचं तेल, यातल्या कित्येकांत मिथाइल सॅलिसिलेट असतं. तोच तो विंटरग्रीनचा झणझणीत वास. ते कातडीतून रक्तात जातं आणि मोठ्या भागावर रोज चोळलं तर आयएनआर चढू शकतो. घोड्याची मालिश करायची असेल तर हातमोजे घाला, आणि स्वतःला लावायच्या ट्यूबमागचं लेबल वाचा.

घोड्यांना दुखण्यावर फेनिलब्यूटाझोन देतात, तबेल्यात त्याला ‘ब्यूट’ म्हणतात. कंबर धरली की चिमूटभर तोंडात टाकणारे लोक मी पाहिलेत. वॉरफरिनसारख्या गोळीबरोबर ते फार घातक आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साधारणपणे पॅरासिटामॉल चालतं, पण तेही सलग काही दिवस आणि भरपूर घेतलं तर आयएनआर वाढवतं. अँटिबायोटिक सुरू झालं, विशेषतः मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमोक्साझोल, तर आयएनआर लवकर तपासून घ्या.

तिसरं, उंदरांचं औषध. चंदीच्या खोलीत ठेवतात त्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या आपल्या गोळीच्याच कुळातल्या आहेत, फक्त कैक पट टिकाऊ. हे नातं जुनं आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातला दोषी पदार्थ वेगळा केला, त्यातून पुढे वॉरफरिन आलं, १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकलं जाऊ लागलं आणि १९५४ मध्ये माणसांच्या उपचारासाठी मान्य झालं. म्हणून त्या वड्या ठेवायचं आणि मेलेले उंदीर उचलायचं काम तुमच्याकडे नको.

८. लागलं तर

*खरचटलं, कापलं :* वाहत्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं घट्ट दाबा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धरा. मधे उघडून बघायचं नाही, बघितलं की परत पहिल्यापासून. हळद, चहापावडर, राख काही भरू नका. पंधरा मिनिटांनीही वाहत असेल तर दवाखाना.

*नाकातून रक्त :* बसून पुढे वाका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरा. डोकं मागे टाकू नका, रक्त घशात जातं.

*लाथ किंवा चावा :* बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पाय वर. मालिश नाही, शेक नाही, हाडवैद्याकडे चोळून घेणं तर मुळीच नाही. सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारा आणि वेळ लिहा. तासाभरात सूज रेघेबाहेर गेली, पोटरी किंवा मांडी दगडासारखी ताठ झाली, मार लागला त्या मानानं दुखणं भलतंच वाढलं, बोटं बधिर झाली, तर लगेच निघा. पोटात किंवा बरगडीखाली लाथ बसली असेल तर बरं वाटत असलं तरी जा. प्लीहा किंवा यकृतातून होणारा रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

*डोकं :* इथे विचार करत बसायचं नाही. हेल्मेट घातलेलं असो, शुद्ध हरपलेली नसो, नुसतं टेंगूळ असो, त्याच वेळी निघायचं. स्वतः गाडी चालवायची नाही. डोकं वाढत्या प्रमाणात दुखणं, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हातापायात अशक्तपणा, डोळ्याची एक बाहुली मोठी यातलं एक जरी दिसलं तर १०८. पोचल्यावर पहिलं वाक्य अपघाताचं नको. ‘मला अमुक गोळी चालू आहे, शेवटची काल रात्री नऊला घेतली,’ हे पहिलं. सीटी स्वच्छ आला तरी त्या रात्री एकटं झोपू नका आणि पुढचे काही दिवस घरच्यांनी लक्ष ठेवायचं, कारण रक्त उशिरानंही साचू शकतं.

मार न लागताही शौचास डांबरासारखं काळं होणं, लघवीत रक्त, हिरड्या सतत पाझरणं, कारण नसताना निळे डाग दिसले तर त्याच दिवशी आयएनआर आणि डॉक्टर.

९. घरची शिस्त

गोळी रोज ठरलेल्या वेळी. माझी रात्री नऊची, म्हणजे दुपारी आयएनआर आला आणि डोस बदलायचा झाला तर त्याच रात्री बदलता येतो. रिव्हारोक्साबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. पहाटे उपाशीपोटी तबेल्यात पळणाऱ्यांनी ती रात्रीच्या जेवणाला लावून घ्यायचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

पालेभाज्या सोडू नका. पालक, मेथी, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व असतं, ते एसिट्रोमच्या उलट काम करतं. म्हणून रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. माझा आयएनआर दर वर्षी श्रावणात डगमगायचा. सोमवारी साबुदाणा, भगर, मग गौरी-गणपतीत अळूचं फदफदं आणि अळूवड्या दणकून. आता उपवासाच्या दिवसांत मी तपासणी एक आठवडा आधी करून घेते. ज्या आठवड्यात आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, त्या आठवड्यात तबेल्यात फक्त वहीचं काम.

सोबत काय काय ठेवायचं

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये : डिस्चार्ज समरी, झडप असेल तर झडपेचं कार्ड, गेल्या सहा महिन्यांचे आयएनआर तारखेनिशी, चालू प्रिस्क्रिप्शन, धनुर्वाताच्या लसीची तारीख, आधारची प्रत, विमा पॉलिसी. पॉलिसी नीट वाचा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून केलेल्या धोकादायक खेळांच्या दुखापती वगळलेल्या असू शकतात आणि त्या यादीत घोड्यांच्या शर्यतीचा उल्लेख असतो. तुम्ही पगार घेऊन तबेल्यात काम करत असाल तर तुमचं काम त्यात मोडतं का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो मॅडम, कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी कामी येत नाही.

तबेल्यातल्या पेटीत : निर्जंतुक गॉजची पाकिटं भरपूर, रुंद लवचिक पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, सलाइनची बाटली, एकदा वापरायचे हातमोजे, पेन, पॅरासिटामॉल. बर्फाची सोय शेजारच्या टपरीवाल्या काकांकडे आहे. त्यांनाही सांगून ठेवलंय, ते पैसे विचारत बसत नाहीत, पिशवी भरून देतात.

फाइल मी खोगिरांच्या खोलीत दाराच्या मागच्या खिळ्याला टांगते. मामांना वाचता येत नाही, म्हणून वर लाल फडकं बांधलंय. ‘लाल फडकं घेऊन गाडीत बसायचं,’ एवढं त्यांना माहीत आहे.